मे महिन्यातला स्वेटर

चहा घ्या, तोवर आमच्या जावयांचं सांगतो. युक्रेनला डॉक्टरकी शिकत होते. लढाई पेटली, तळघरात दिवस काढले आणि कसेबसे नागपूरला परतले. पुढे माझ्या बहिणीशी, नीलूशी, लग्न झालं.

मे महिन्यात नीलूचा रडत फोन. "दादा, हे मले सोडून चालले! पलंगाखाली भरलेली बॅग सापडली."

बाबा तडक सावनेरहून निघाले, मीही सोबत. बॅग सगळ्यांसमोर उघडली. पासपोर्ट, टॉर्च, बिस्किटं आणि लोकरीचे मोजे. इकडे कूलरही गरम हवा फेकून राहिला होता.

"कुठं निघाले, जावईबापू?" बाबांनी विचारलं.

"कुठंच नाही, मामा. तिथं चप्पल घालायलेही वेळ नाही भेटला. तवापासून बॅग भरलेली नसली, तर झोपच लागत नाही."

नीलूनं तळातून स्वतःचा स्वेटर ओढून काढला. "हा तर मी हिवाळाभर शोधला! हा काहून ठेवला?"

"तुले थंडी वाजली असती ना वं."

नीलूनं स्वेटरची घडी करून तो परत बॅगेत ठेवला. बाबा मात्र बॅग चाचपतच राहिले.

मी म्हटलं, "आता काय शोधून राहिले, बाबा?"

"सासऱ्याचं काही दिसून नाही राहिलं."

पुढच्या खेपेला बाबा आपला मफलर घेऊनच आले.