कपाटावरचा सर्व्हर

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या आईला नुकतंच आत नेलं होतं.

“ताई, आत नेण्याआधी आईने मला मेसेज टाकलाय.”

“काय म्हणते?”

“उघडत नाहीये. माझा सर्व्हर बंद पडलाय.”

“तुझा म्हणजे?”

“आई आणि मी तुमच्या ग्रुपवर नसतो ना आता. मी घरीच आमचं वेगळं नेटवर्क केलंय. कपाटावर छोटासा कॉम्प्युटर आहे, सगळं त्यात. मधे कुठली कंपनी नाही, जाहिराती नाहीत, आपलं बोलणं दुसरं कोणी वाचू शकत नाही.”

“अरे, आत्ता आपल्यालाही वाचता येत नाहीये.”

“लाइट गेली असणार. परत आली तरी तो आपोआप सुरू होत नाही. तेवढं एक करायचं राहिलंय माझ्याकडून.”

“मग तक्रार कर कोणाकडे तरी.”

“कोणाकडे करू? मालक मीच.”

“मोठा आलाय मालक. तिचं काही सांगायचं राहिलं असेल रे. घरी जाऊन ये पटकन.”

“आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले तर? नुसतं बटण दाबायचं असतं गं, ताई.”

“एरवी तू ऑफिसात असताना बंद पडला तर कोण दाबतं?”

“आई.”