मालोजीचा वस्तरा

दुर्गाबाई: मुठीत नगं धरू, आबाजी. विळा न्हाई तो.

आबाजी: मग कसा धरू, वैनी? साठ वर्सं विळाच धरलाय ह्या हातानं.

दुर्गाबाई: तीन बोटं पात्याच्या मानंवर. अंगठा खालनं. करंगळी त्या शेपटावर नुसती टेकवा. हां. आता जरा सैल. चिमनीचं पिलू धरल्यागत धरायचं, असं म्हनायचं ते.

आबाजी: मालोजी?

दुर्गाबाई: दुसरं कोन म्हननार? तीस वर्सं ह्या धोकटीतलं वस्तरं मी पट्ट्यावर फिरवलं, पर कुनाच्या गालाला एकदाबी लावलं न्हाई. न्हाव्याची बायको झाले तरी बाईमानूसच. मला येतंय ते समदं ऐकून.

आबाजी: ऐकून यीना का. मला तेवढंबी येत न्हाई. मालोजीला जाऊन तीन म्हैनं झालं, आन मी त्याच्याच अंगनात त्याचाच वस्तरा धरून बसलोय. शालन म्हनली सकाळी, दाढी करायची तर पिंपरीला जावा, त्या बाईच्या दारात कशाला?

दुर्गाबाई: बरूबर बोलली तुमची बायको. का न्हाई गेला पिंपरीला? लेकाच्या लग्नापास्नं तिथंच जात व्हता की. फिरती खुर्ची, भिंतीएवढा आरसा.

आबाजी: गेलो व्हतो. मालोजी गेल्यावर दोनदा गेलो. खुर्चीत बसलो, त्या कारागिरानं फेस लावला, वस्तरा गळ्यापाशी आनला आन मी उठलोच. तोंडाला फेस तसाच. रस्त्यानं चालाया लागलो तर समोरनं कारखान्याची शिफ्ट सुटलेली. समदी मानसं बघत्यात. भ्या न्हवतं वाटलं, वैनी. मालोजी व्हता तवर चाललं, पर आता त्या हाताची गळ्याला वळख पटंना, एवढंच.

दुर्गाबाई: म्हनून आपल्या हातानं शिकायची.

आबाजी: आपला हात तरी वळखीचा आसंल. उद्या आमच्या यशवंताच्या कारखान्याच्या क्वार्टरवर बारसं हाय. नातवाला पैल्यांदा मांडीवर घ्यायचा, आन तोंडावर ही असली बाभळ. पोर दचकंल.

दुर्गाबाई: मग बोलत बसू नगा. ते कडत फडकं गालाला लावा. दाबून धरा. पानी मुरू द्या. केस भिजला की निम्मं काम झालं.

आबाजी: बरं वाटतंय.

दुर्गाबाई: वाटनारच. आता साबन. गोल गोल, केसाच्या बुडापातूर. झालं? डाव्या हातानं कानापाशी कातडी वर वढा. ताठ झाली पायजे, नगाऱ्यागत. वस्तऱ्याची पाठ गालापास्नं ज्वारीच्या दान्याएवढी उचला. जास्ती उचलली तर कापतो, न्हाई उचलली तर नुसता घसरतो. आन दाबायचं न्हाई. त्याला त्याचं वजन हाय, त्याच्या वजनानं जाऊ द्या. वरनं खाली.

आबाजी: आरसा जरा कलता करा. हां. मागं नदीवरचं धुकं दिसतंय बगा त्यात. माझं तोंड धुक्यात तरंगतंय. कुना दुसऱ्याचीच दाढी करतोय असं वाटतंय.

दुर्गाबाई: करा की मग दुसऱ्याची.

आबाजी: आला. आला बगा, गाल दिसला. आवाज ऐकला का? म्हस वल्या गवतात चरती तसा.

दुर्गाबाई: मी तो आवाज रोज ऐकलाय, आबाजी. सैपाक करताना बाहेरनं यायचा. आवाजावरनं मला कळायचं कुनाची दाढी चाललीया.

आबाजी: माझी वळखायला यायची?

दुर्गाबाई: तुमची सोपी. पावसाळ्यात घाट सोडून हितं बसला की मधी मधी आवाज थांबायचा. तुमी पेंगायचा, आन हे वाट बघत बसायचं.

आबाजी: व्हय, पेंगायचो. घाटावरबी, उंबराखाली. दर शनवारी. डोळं मिटलं की मालोजीचा आवाज लांब जायाचा, नदीच्या पल्याड गेल्यागत. त्यो गावातलं कायबाय सांगत असायचा, कुनाची गाय व्याली, कुनाची पोरगी नांदंना. मी हूं हूं करायचो. ना धड झोप, ना धड जागं. थोरल्या पोरीचं स्थळ मी तसंच ठरवलं. हिरीची जागाबी तशीच ठरली. डोळं उघडलं की गार वारं तोंडाला लागायचं, आन मनातलं समदं निवळल्यालं असायचं.

दुर्गाबाई: ते सांगायचं मला. आबा आज पार बेंदराच्या सनापातूर झोपला व्हता, म्हनायचं. आता सांभाळा. उजव्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्याला, तुमचा भोवरा हाय. तिथं केस उलटं फिरत्यात. वस्तरा आडवा घ्या.

आबाजी: तुमाला काय ठावं माझ्या गालावरचा भोवरा?

दुर्गाबाई: गावातल्या समद्या पुरुषांची तोंडं मला पाठ हायती. मालकांनी सांगितल्याली. मारुतरावाच्या हनवटीत खड्डा हाय, उद्धवरावाच्या मानंवर चामखीळ हाय. मी कुनाकडं मान वर करून बघितलं न्हाई, पर डोळं मिटून सांगू शकते. आडवा, आबाजी. आडवा म्हनलं मी.

आबाजी: स्स.

दुर्गाबाई: लागला. थांबा. वस्तरा खाली ठेवा आदी. ही तुरटी घ्या, वली करून दाबून धरा.

आबाजी: किती रगत हाय?

दुर्गाबाई: काय न्हाई, टिपूस हाय. पर दाबला तुमी. सांगितलं व्हतं दाबू नगा. हातात राग हाय तुमच्या.

आबाजी: राग न्हाई, वैनी. लाज हाय.

दुर्गाबाई: कशाची?

आबाजी: तुमाला ठावं न्हाई का? यशवंताच्या लग्नात मांडवात पिंपरीचा न्हावी आनला. मालोजी धोकटी घिऊन दारात हुबा, आन नवऱ्या मुलाची दाढी परका मानूस करतोय. त्याचा मान व्हता तो. माझी दाढी त्याच्या बापानं क्येली, माझ्या बापाची त्याच्या आज्यानं. पोरगं म्हनलं, दादा, आता काळ बदलला, माझ्या कारखान्यातली मानसं यायची हायती. मी गप बसलो. मालोजीनं माझ्याकडं बघितलं, धोकटी काखंत मारली आन गेला. परत आला न्हाई. शनवार आला, मी घाटावर जाऊन बसलो, तो आला न्हाई. मग मीबी पिंपरीची वाट धरली.

दुर्गाबाई: आन त्यांनी अंथरून धरलं तवा?

आबाजी: आलो व्हतो.

दुर्गाबाई: कुठं आला व्हता? ह्या दारात तुमचं पाऊल मी तवा बघितलं न्हाई. बाज त्यांनी उंबऱ्याकडं तोंड करून टाकायला लावली व्हती. गावातलं कोन कोन आलं. रोज संध्याकाळी मला इचारायचं, घाटाच्या वाटंवर कोन हाय गं? मी म्हनायची, कुनी न्हाई.

आबाजी: घाटावरच्या उंबराच्या झाडापातूर यायचो. तिथनं तुमचं अंगन दिसतं. दिवा लावताना तुमी दिसायचा. मग पाय उचलायचा न्हाई. काय तोंडानं सांगू म्हनून माघारी जायाचो. आन एका सकाळी हिकडं मानसं जमलेली दिसली.

दुर्गाबाई: ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई.

आबाजी: सांगन्याजोगं काय हाय त्यात.

दुर्गाबाई: आबाजी, मला एक सांगायचं हाय. सांगू नगं म्हनले व्हते ते. पर आता ते न्हाईत, आन तुमी गाल कापून घ्यायला लागलाय. तो पिंपरीचा न्हावी यशवंतानं आनला न्हवता.

आबाजी: मग?

दुर्गाबाई: त्यांनीच आनायला लावला. लग्नाआदी आठ दिवस यशवंताला हितं बोलवून घेतला. ह्याच अंगनात. म्हनले, पोरा, माझा हात हलतोय. मांडवात, चार गावच्या पाव्हन्यांत, नवरदेवाच्या गालावर रगत आलं तर अपशकून. तू दुसरा मानूस आन, आन बापाला सांग की तुलाच पायजे म्हनून. पोरगं रडलं हितं. शपथ घातली त्याला.

आबाजी: हात हलत व्हता?

दुर्गाबाई: वरीसभर. आदी मला वाटलं थंडीनं. मग एका दुपारी बघितलं, घरात भोपळा मांडीवर घिऊन बसल्यात. त्याला फेस लावलाय, आन वस्तरा फिरवत्यात. लहानपनी बापानं तसंच शिकवलेलं त्यांना. फेस निघाला की भोपळ्यावर रेघ उमटलेली दिसायची. एक रेघ, दोन रेघा. रोज एक भोपळा. मी त्याची भाजी करायची आन काय बोलायची न्हाई. शनवारी तुमची दाढी करून आलं की बाहेरच्या दगडावर टेकायचं, अंगरखा घामानं भिजलेला.

आबाजी: मला एकदाबी लागलं न्हाई. येक डावबी न्हाई.

दुर्गाबाई: म्हनून तर थांबलं. लागायच्या आदी थांबलं.

आबाजी: मग मला का न्हाई सांगितलं? पन्नास वर्सांची दोस्ती. मला तोंडानं सांगायचं.

दुर्गाबाई: मीबी हेच इचारलं. तर म्हनले, आबाला सांगितलं तर तो म्हननार, हलू दे, आन मान पुढं करनार. त्या गळ्यावर माझा हात हलला तर मी काय करू? त्यापरीस रागावलोय म्हनून असू दे. न्हावी रागावला तर चालतंय. न्हाव्याचा हात गेला असं गावानं म्हनाया नगं.

आबाजी: खरंच मान पुढं केली असती मी.

दुर्गाबाई: ठावं हाय.

आबाजी: वैनी, जरा पानी द्या. प्यायला.

दुर्गाबाई: घ्या. दम खावा. फेस वाळला तर परत लावू.

आबाजी: बारा म्हैनं झालं, म्या त्याला मनात शंबर डाव सांगितलं, मालू, चुकलं रं. आन तो तिकडं भोपळ्यावर रेघा वढत बसला व्हता.

दुर्गाबाई: दोघंबी अडानी.

आबाजी: व्हय. दोघंबी.

दुर्गाबाई: चला. फेस परत लावा, वस्तरा घ्या. सावकाश. हां, व्हटाखालचं झालं, हनवटी झाली. बरी केलीत की. भोवऱ्यापाशी जरा राहिलंय, राहू द्या. आता गळा. मान मागं टाका, डाव्या हातानं कातडी खाली वढा.

आबाजी: आरशात दिसंना झालंय.

दुर्गाबाई: धुकं?

आबाजी: धुकं न्हाई. डोळं. आन हात बगा माझा. ह्यो बगा.

दुर्गाबाई: ठेवा वस्तरा.

आबाजी: निम्मीच घिऊन जातो उद्या. मफलर बांधीन.

दुर्गाबाई: निम्म्या दाढीनं ह्या अंगनातनं कुनी आजपातूर गेलं न्हाई. हिकडं सरका. दगडाला पाठ टेका. द्या तो वस्तरा माझ्याकडं.

आबाजी: तुमी? समोर गोजाबाई शेन थापतीया. बघतीय हिकडंच.

दुर्गाबाई: बघू द्या. उद्या गावभर सांगंल, परवा इसरंल. मान वर. आनखी वर. माझा हात गार हाय, दचकू नगा.

आबाजी: तुमी आजपातूर कुनाच्या गालाला...

दुर्गाबाई: बोललात तर गळा हलतोय. डोळं मिटा.

आबाजी: हूं.

दुर्गाबाई: उद्धवरावाची म्हस व्याली. रेडी झाली. निघोज्याकडनं लोकं बघाया आल्ती म्हनं, दूध लई हाय. विमलबाईची सून माहेरी गेलीया ती अजून आली न्हाई. पंधरा दिस झालं. तिचा दीर आनायला गेला तर त्यालाच ठिवून घेतला चार दिस, पुरनपोळ्या घालून.

आबाजी: हूं.

दुर्गाबाई: तळवड्याच्या माळावर हरभरा बरा आला म्हनत्यात. औंदा थंडी चांगली पडली. थंडीवरच असतंय हरभऱ्याचं.

आबाजी: हूं.

(आबाजींची मान दुर्गाबाईंच्या डाव्या तळहातावर जड होते. डोळे मिटलेलेच. वस्तरा थांबतो, ती वाट पाहते, पुन्हा चालू होतो.)

आबाजी: मालू.

दुर्गाबाई: हूं.

आबाजी: मालू, रागावलास व्हय रं माझ्यावर?

दुर्गाबाई: न्हाई रागावलो, आबा. नीज तू. मान तेवढी हलवू नगंस.