पेज निवेपर्यंत

—सावकाश उलट पोरी, कागद जुना आहे, कोपरे मोडतात. काय म्हणालीस, फासळ्या मोजता येतील? येतीलच की, मोजूनच काढल्यात. आमचा खमपोंगदादा म्हणजे असला चोखंदळ, विहाराच्या भिंतीवर शंभर माणसं रंगवली, पण कुणाचं बोट कमी-जास्त नाही — आणि ही पेन्सिलीची वही मात्र भाताच्या कणगीमागे लपवलेली. बायकोलासुद्धा दाखवली नाही. परवा तो गेल्यावर कणगी हलवली नि सापडली — खोटं कशाला बोलू, सापडली कसली, मला ठाऊकच होती. उघडली नव्हती, एवढंच. ही बघ, आमच्या शेजारची थोंगबाय, पाण्याची कावड घेतलेली. जिवंतपणी एवढी ताठ कधी उभी राहिली नाही बया. अंगावर कपडे नाहीत? ते त्यानं मनानंच उतरवले गं, तिला कळतं तर मुसळानं बडवला असता. ही ने खुशाल तुमच्या संग्रहालयात, कोण येतंय भांडायला! पुढची मात्र — पुढची राहू दे.

बघितलीस होय. बरं, बघ. म्हातारी आहे. सकाळी विहाराच्या बाहेरची भिंत बघून आलीस ना, नरकाची? त्यातलं ते भुकेलं भूत, ताडाएवढं, तोंड सुईच्या नेढ्याएवढं? आईबापावर हात उचलणारा मेल्यावर तसा होतो, पोरांना तिथं नेऊन दाखवतात. ते भूत म्हणजे आमची आई. बुनमा. मुंगीवर पाय दिला नाही कधी. — अगं, दादाला भूत जमेना. थोरल्या भंतेंनी दोनदा पुसायला लावलं, ‘हे तर जेवून आल्यासारखं दिसतंय,’ म्हणाले. आणि घरात आई, पोटातल्या गाठीनं नुसती हाडं उरलेली. हा वही घेऊन बसला. म्हणाला, पांघरूण काढ. काढलं. म्हणाला, कुशीवर वळव, उजेड येऊ दे. वळवलं. आई म्हणाली, गार लागतंय गं. मी म्हटलं, झालंच आई. आठ दिवस असंच. रडले? छे. धान कांडावं तसं काम होतं ते.

नवव्या दिवशी तिनं पेज मागितली. दोन दिवसांत पहिल्यांदाच काही मागितलं. मी वाटी घेऊन बसले तर हा म्हणतो, थांब, तोंड हलवू नकोस तिचं, आत्ता जमतंय. थांबले. किती वेळ म्हणजे — पेज निवेपर्यंत, वर पापुद्रा धरेपर्यंत. मग म्हणाला, दे. तोवर दातखीळ बसलेली. घातली ती गालावरून ओघळली. दिवस मावळायच्या आत गेली. भूत मात्र झकास झालं, भंते खूश.

नवव्या महिन्याच्या अमावास्येला आम्ही बायका मेलेल्यांसाठी केळीच्या पानात भात बांधून विहाराबाहेर ठेवतो. मी भिंतीखाली ठेवते, तिच्या पायाशी. लोक म्हणतात, त्या पाप्याची केवढी दया हिला! खरं सांगितलं तर गाव म्हणेल, पोरानं आईला नरकात घातली. आणि मला विचारतील, तू कुठं होतीस गं? म्हणून ही वही द्यायची नव्हती. आता काही वाटत नाही, वाटायचं केव्हाच थांबलं. दादा पुन्हा कधी बोलला नाही त्यावर, मला वाटायचं, त्याला ती पेज दिसलीसुद्धा नसेल.

काय? कुठं, कडेला? चष्मा नाही लावलेला — वाटी आहे ती? आणि हात. भिंतीवर नाही हा. अंगठा वाकडा — हो, माझाच, लहानपणी उखळात सापडला होता.

म्हणजे दिसत होतं त्याला. सगळा वेळ.

मिट वही. ने. हेही पान ने. खाली आईचं नाव लिही, बुनमा. हाताचं — ऊठ तू आता. बस चुकेल तुझी.