बर्फीचा खुराक

(कोल्हापूर, १९९८. जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना. टेबलावर फुलाफुलांचं झबलं घातलेली लहानशी पॉमेरियन कुत्री. बाजूला गुळाचे व्यापारी बसलिंगाप्पा आणि त्यांची बायको रत्नव्वा.)

डॉक्टर: आधी हे झबलं काढा, काकू. मला कुत्री तपासायची आहे, बारसं नाही करायचं.

रत्नव्वा: काढते की. पण हसायचं न्हाय. मागच्या खेपेला तुम्ही न्हवता, रक्त घेताना तुमचा कंपाउंडर हसला, तवापासनं ही माणसांकडं पाठ करून बसती.

डॉक्टर: नाही हसत. ...अरारारा.

रत्नव्वा: बघा! शेपूट न्हवं, शेवग्याची शेंग झालीया. पोरीनं आणली तवा कापसाचा बोळा व्हती, म्हणून बर्फी नाव ठेवलं. आता गल्लीतली पोरं इचारत्यात, आज्जी, डुकराचं पिल्लू कधी घेतलंसा?

बसलिंगाप्पा: पोरं काय, कायबी म्हणत्यात.

रत्नव्वा: पोरांची नजर चांगली हाय. तुमचीच गेलीया.

डॉक्टर: काट्यावर ठेवा तिला. सात किलो दोनशे. गेल्या वर्षी किती होती?

रत्नव्वा: साडेतीन. पोरीच्या लग्नाआधी तुम्हीच तोलली व्हती.

डॉक्टर: म्हणजे एका बर्फीत दुसरी बर्फी बसलीय.

रत्नव्वा: आमचे मालक रोज मार्केट यार्डात गुळाचे एवढाले रवे तोलत्यात. पावशेर कमी भरला तरी गाडीवाल्याला परत धाडत्यात. घरातलं जनावर दुप्पट झालं, ते मातर ह्यांच्या काट्याला कळलं न्हाय.

बसलिंगाप्पा: हळूहळू वाढली की. रोज बघणाऱ्याला कळत न्हाय.

डॉक्टर: बरं, ऐका दोघंही. रक्ताचा रिपोर्ट आलाय. हिच्या गळ्यात, हे बघा इथं, श्वासनळीला लागून एक ग्रंथी असते. थायरॉइड. ती मंद झाली की कुत्रं फारसं न खाता जाड होतं. दोन्ही कुशींवरचे केस जातात, शेपटी उघडी पडते, दिवसभर नुसती झोप.

रत्नव्वा: हेच! सगळं जुळतंय. मी म्हणतच व्हते, बिचारी कायबी खात न्हाय.

बसलिंगाप्पा: व्हय. ग्रंथीच. ग्रंथीच असणार.

डॉक्टर: अप्पा, पेढे वाटायची घाई नको. रिपोर्ट काठावर आहे. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. ग्रंथीचा रोग असेल तर आजपासून रोज गोळी, जन्मभर. पण ग्रंथी बरी असताना गोळी दिली, तर हिचं हृदय शर्यतीच्या घोड्यासारखं पळत सुटेल. एवढंसं हृदय. किती दिवस पळणार? म्हणून विचारतोय, हिच्या पोटात काय काय जातं? सकाळपासून सुरू करा.

रत्नव्वा: सकाळी हे फिरवून आणत्यात. मग अर्धी भाकरी. सांजच्याला अर्धी. संपलं. आमचं लिंगायताचं घर. अंडं न्हाय, मटण न्हाय. हाडूक दिसलं तर ही वळखायचीबी न्हाय.

डॉक्टर: भाकरी कोरडी?

रत्नव्वा: कोरडी कशी गिळंल? तूप लावते थोडं.

डॉक्टर: थोडं म्हणजे?

रत्नव्वा: भाकरी भिजंल एवढंच.

डॉक्टर: अच्छा. आणि बिचारी कायबी खात न्हाय. अप्पा, फिरायला कुठं नेता?

बसलिंगाप्पा: असंच. रंकाळ्याकडनं.

डॉक्टर: किती वेळ?

बसलिंगाप्पा: तासभर.

रत्नव्वा: दीड तास! दोघंबी धापा टाकत येत्यात.

डॉक्टर: रोज दीड तास चालून सात किलो झालेलं पॉमेरियन मी पहिल्यांदाच बघतोय. फोटो काढून भिंतीवर लावावा म्हणतो. बरं, हे केस कुणी कापलेत का? मानेजवळची ही कड बघा, सरळ रेघ आहे. रोग अशी पट्टी लावून केस काढत नाही.

रत्नव्वा: कापलेत कुठलं? आपोआप झडलं. ह्यांनीच सांगितलं.

बसलिंगाप्पा: ...मे महिन्यात लई धापा टाकत व्हती. उकडत असंल म्हणून केरबाकडं नेली.

डॉक्टर: केरबा म्हणजे कोण?

बसलिंगाप्पा: आमचा न्हावी.

रत्नव्वा: अय्यो शिवा! अन् मला सांगितलंसा रोग हाय! दोन महिनं मी हिला करंजाचं तेल चोळतीया! पोरीचं लहानपणीचं झबलं ट्रंकेतनं काढून घातलं, उघडी दिसू नये म्हणून!

डॉक्टर: म्हणूनच कातडी लाल झालीय. तेल बंद, झबलं बंद. या जातीला केसांचे दोन थर असतात, काकू. वरचा लांब, आतला लोकरीसारखा. मुळापासून मशीन फिरवली की ते कधी सहा महिने येत नाहीत, कधी दीड वर्ष. काही वेळा पहिल्यासारखे येतच नाहीत. त्यावर औषध एकच, वाट बघायची. म्हणजे केसांचा रोग सापडला. त्याचं नाव केरबा. राहिलं वजन.

रत्नव्वा: वजनाला गोळी लिहा की. पंचमीला पोरगी येणार हाय. सासरी जाताना माझ्या गळ्यात पडली न्हाय, पण हिच्या गळ्यात पडून रडली. तवर जरा फरक दिसू दे.

डॉक्टर: लिहितो मग. अप्पा, आणखी काही सांगायचं नाही ना?

बसलिंगाप्पा: ...लिहू नका.

रत्नव्वा: का? तुम्ही डॉक्टर झालासा?

बसलिंगाप्पा: रंकाळ्याला जात न्हाय आम्ही. गंगावेशीत जातो. दूधकट्ट्यावर.

डॉक्टर: हां. समोर म्हैस पिळून ग्लास देतात, तिथं.

बसलिंगाप्पा: ज्ञानूची म्हैस. वर फेस येतो की, हिला फेस आवडतो.

डॉक्टर: फेसाखाली दूध असतं, अप्पा.

बसलिंगाप्पा: असतंय थोडं.

डॉक्टर: काकूंच्या तुपाएवढं थोडं?

बसलिंगाप्पा: एक ग्लास.

रत्नव्वा: एक ग्लास म्हशीचं दूध, एवढ्याशा जिवाला! अन् त्या ज्ञानूनं दिलं कसं?

बसलिंगाप्पा: तो दोन देतो.

रत्नव्वा: दुसरा कुणाला?

डॉक्टर: काकू, मी फक्त जनावरांचा डॉक्टर.

रत्नव्वा: तुम्ही गप बसा. दुसरा कुणाला?

बसलिंगाप्पा: ...गुळाचा खडा टाकून. दोन्हीतबी.

रत्नव्वा: शुगरचा माणूस! अडीच वर्षं घरात बिनसाखरेचा चहा करते. तुम्हाला एकट्याला जड जाईल म्हणून मीबी तसलाच पिते! अन् हे दोघं गंगावेशीत पंगत घालत्यात!

बसलिंगाप्पा: पोरगी गेली तवा चार दिवस ही पाण्यालाबी शिवली न्हवती. दाराकडं तोंड करून पडली व्हती. तूच रडत व्हतीस, मरंल म्हणून. पाचव्या दिवशी उचलून कट्ट्यावर नेली. मी प्यायलो, तवा ती प्याली. मी ग्लास खाली ठेवला की तिनं तोंड काढलं.

रत्नव्वा: म्हणजे कुत्री जगावी म्हणून तुम्ही गूळ खाल्लासा. लई सोसलंसा.

बसलिंगाप्पा: पहिल्या दिवशी तसंच व्हतं.

रत्नव्वा: अन् मग वरीसभर?

बसलिंगाप्पा: मग गोड लागाय लागलं.

डॉक्टर: गोळी रद्द. अप्पा, तळवा खाली करून हात सपाट धरा. दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवरची हाडं चाचपा. लागली? आता हिच्या बरगड्या चाचपा.

बसलिंगाप्पा: मऊच लागतंय सगळं.

डॉक्टर: ही तुमची परीक्षा. हाताच्या पाठीवर हाड लागतं, तशी बरगडी हाताला लागली की तुम्ही पास. दूध, गूळ, तूप बंद. भाकरी आहे त्याच्या निम्मी, बरोबर मुगाची डाळ आणि उकडलेला दुधी, दोन्हीत मीठ-तिखट नको. चालायचं खरोखर, पण बेतानं. दम लागला की थांबायचं. दोन महिन्यांनी रक्त पुन्हा बघू.

रत्नव्वा: अन् ह्यांच्या बरगड्या?

डॉक्टर: त्या तुम्ही चाचपा.

बसलिंगाप्पा: कट्ट्याजवळ आली की ती आपोआप थांबती, डॉक्टर. ओढली तरी हलत न्हाय. तिला काय सांगू?

रत्नव्वा: ती थांबती, का तुम्ही?

बसलिंगाप्पा: ...दोघंबी.

रत्नव्वा: द्या ते झबलं हिकडं. पिशवीत घालते. अन् सकाळी निघताना मला हाक मारा.

बसलिंगाप्पा: तुझा गुडघा?

रत्नव्वा: हळू चालू. दुसऱ्या वाटेनं जाऊ.