दोन सीटांची वरातगाडी

माझं माहेर देवरीकडलं, जंगलाच्या कडेचं गाव, बस रोडवर सोडून दे आनि मंग तासभर पायीच चालाचं. मायबाप धानाच्या रोवन्याले जात, आमी तिघी बहिनी मोहफुलं वेचाले जाऊ, आनि मी त्याच्यातली मधली, मधलीकडं कोनाचं ध्यान नसते, म्हनून मी गपचूप मामीच्या मशीनवर बसून शिलाई शिकली. पयला ब्लाउज शिवला तं दोनी बाह्या एकाच हाताच्या झाल्या, मामीनं पाठीत धपाटा देला, पन मशीनवरून उठवलं नाई. तवापासून मशीन माझ्यापुढं हायच. तुमी लिहून रायले ना ताई, तं हे पयले लिहा, का हे बाई शिलाईवाली हाय. गाडीचं मांगून येते.

लग्न होऊन गोंदियापाशी कुडव्याले आली. आमचे हे ड्रायवर, गोंदिया-देवरी लाईनवर दुसऱ्याची जीप चालवत, वीस वर्सं चालवली. घरात सासरे, सासऱ्याले आमच्याकडं मामाजी म्हनतात. तर हे मामाजी तरुनपनी का करत माहीत हाय का तुमाले? वरातीत बत्ती धरत. आता लाईटाची गाडी असते, जनरेटर असते, तवा गॅसबत्ती होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, कानापाशी सूं सूं आवाज, कीडे मानेवर पडून रायले, आनि मान हालवाची नाई. नवरदेव घोड्यावर, पाहुने नाचून रायले, आनि हे बाजूबाजूनं सरळ मानेनं चालून रायले. वरात आमच्या लोकायची नाई, दुसऱ्यायची. सारे जेवून झाले का मंग यायले जेवन, ते बी मांडवाच्या बाहेर. आता ऐंशीच्या वर गेले मामाजी, पन चालतात तं आजबी मान तशीच ताठ. आनि एक गोस्ट, वरातीच्या गाडीत ते बसत नाईत. घरच्या लग्नात बी पायी आले. मी नाई बसत बाई, असं म्हनत, बस एवढंच, काऊन ते सांगत नसत.

माझं तं एकच सपन होतं, कुडव्याच्या मेन रोडवर एक गाळा. शटरवाला. मी इथं छपरीत शिवते, पाहून रायले ना तुमी, बाईले ब्लाउज घालून पाहाचा असला तं सैपाकखोलीत पाठवा लागते, एकीचा पदर वरनात बुडला, तिनं साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं. म्हनून पंधरा वर्सं मी ब्लाउज शिवले, फॉल-पिको केलं, भिशी लावली, आनि पैसा जमला तवा यायले म्हनलं, जा, गाळ्याचं बयानं देऊन या. सकाळी गेले. दुपारी आले तं लाल गाडीत बसून आले. गाडीले टपच नाई! मी समजली अपघात झाला का का.

झालं असं का, राईस मिलच्या एका सेठचा पोरगा, त्यानं ते विलायती गाडी सेकंडहँड आनली होती, दोन वर्सं फिरवली आनि गेला परदेशात. गाडी मिलच्या शेडमधी कोंड्याखाली पडून. हे गाळ्यावाल्याकडं जाता जाता मिलवर चहा प्याले थांबले. चहा! सेठ म्हने ले जा भाऊ, खड़ी-खड़ी सड़ रही है, जो देना है दे दे. आनि यायच्या खिशात माझा गाळा होता.

मी जे बोलली ते लिहू नोका. शेजारची बाई येऊन उभी रायली एवढं बोलली. हे म्हनतात, अवो ऐक तं, वरातीचा धंदा करू, आता सारे नवरदेव खुल्या गाडीचं म्हनतात, घोडेवाला किती घेते पाहा, आनि घोड्याले चारा लागते, याले का लागते? एका सीझनमधी दोन गाळे घेऊन देतो तुले. बटन दाबलं, तं काराकुट्ट कपड्याचा टप आपोआप वर आला आनि पेटीसारखा बंद झाला. परत दाबलं तं मांग जाऊन बसला. मी म्हनलं, ते सारं ठीक हाय, पन सीटा तं दोनच हायेत. हे म्हनतात मांग हाय ना. मी मांग पायलं. मांग सीट नाई, तो टप घडी होऊन बसाचा खड्डा! आता ज्या मानसानं नऊ जनाच्या जीपमधी वीस वर्सं अठरा-अठरा बसवले, तो कायले सीटा मोजते? त्याले सीट म्हन्जे का, जिथं बुड टेकलं ते सीट.

आनि चारा का लागते ते पुढं समजलं. पेट्रोल साधं नाई चालत, भारीवालं पायजे, पंपावरचा मानूस यायले दुरूनच ओळखाले लागला. टायर असा पातळ का एक खड्डा लागला का झाला, आनि तो टायर गोंदियात भेटत नाई, नागपुरावरून येते, पावन्यासारखा, गाडीभाडं आपनच द्याचं. मेकॅनिक बी नागपूरचा, त्याले पाहाले येन्याचे पैसे वेगळे आनि हात लावाचे वेगळे. माझा सारा हिशोब ब्लाउजात चालते, तं एक टायर म्हन्जे सत्तर ब्लाउज, अस्तरवाले. बॅटरी म्हन्जे तीस. इन्शुरन्सचं तं मी मोजलंच नाई. बॅटरी अशी नाजूक का गाडी चार दिवस उभी रायली का मेली. म्हनून यायचा हुकूम, हॉर्न कोनी वाजवाचा नाई, बॅटरी उतरते. हॉर्न होता मात्र गोड, बारीक.

आनि पोट! गाडीचं पोट जमिनीले लागून. गतिरोधक आला का खर्रर्र. कुडवा ते नागरा मी मोजले, अकरा गतिरोधक. मंग यायनं दोन पाट्या केल्या, सागाच्या, गतिरोधकाच्या अल्याड-पल्याड ठेवाच्या, गाडी त्याच्यावरून हळूच चढवाची, उतरवाची, पाट्या उचलाच्या, पुढं चालाचं. बैलगाडी मांगून पुढं निघून जाये.

पयली वरात घेतली ती बी नागऱ्याचीच. जातानी ठीक, हे गाडी चालवून रायले, बाजूले नवरदेव, पांढरी शेरवानी, फेटा. करवलीले कुठी बसवाचं म्हनून भांडन झालं, ती रुसून ऑटोत बसली. वाटेत राईस मिल. मिलच्या चिमनीतून कोंड्याची राख उडते, आमाले सवय हाय, आमी दोरीवरचे कपडे वारा पाहून वाळवतो, पन खुल्या गाडीत बसून कोन वारा पाहाते? नवरदेव मांडवात उतरला तं कारा! नवरीची आत्या म्हने, फोटोत तं गोरा होता. आनि खरी गंमत येतानी. आता नवरी बी बसाची, नवरदेव बी बसाचा, आनि सीटा दोन. नवरदेव म्हने काका, मले चालवता येते. हे का करतीन? चाबी देली. आनि का सांगू तुमाले, नवरदेव-नवरी गाडीत, आनि गाडीचा मालक पुढं पुढं पायी, दोन पाट्या खांद्यावर घेऊन, अकरा गतिरोधक. बापानं बत्ती वाहिली, पोरानं पाट्या. मी ते बोलून देली, आनि मामाजी ऐकून उठून बाहेर गेले. लय वाईट वाटलं मले. तोंडाले लगाम नाई माझ्या.

मंग दिवाळीच्या सुमारास धान आलं. यायच्या भावाचं धान, पाच पोते, हे म्हनतात गाडीच्या टिनाच्या शेडमधीच ठेवू, कोरडी जागा हाय. धान जिथं तिथं उंदीर, हे इथल्या लहान लेकराले बी समजते. पन उंदरायनं धान सोडलं आनि टप खाल्ला! हातभर भोक. नागपूरच्यानं फोनवर नव्या टपाचा भाव सांगतला, तं हे खाटेवर बसले. पयल्यांदा म्हनले, विकून टाकतो, तुझा गाळा घे. पन टप नसलेली गाडी कोन घेते?

मी जाऊन भोकात हात घालून पायलं. मी म्हनलं, अवो, हे कपडाच हाय ना? कपडा हाय तं मी हाव ना. आमच्या धंद्यात बाई नापाचा जुना ब्लाउज आनते, आपन तो पाहून नवा कापाचा. तं मी तो टप सारा उसवला, तोच नापाचा. ट्रॅक्टरच्या ट्रालीवर टाकतात तशी जाड ताडपत्री आनली, काऱ्या रंगाची, मांगच्या खिडकीले डायनिंग टेबलावरचं पारदर्शक प्लास्टिक. सात सुया तुटल्या. टप अंगनात पसरला तं शेजारची बाई म्हने कोनाचा ब्लाउज हाय व माय? आठ दिवसात शिवला. पन हाताची सवय, मी शिवनीत माया ठेवली, चारी बाजूनं दोन-दोन इंच. उद्या बाई जाडी झाली तं उसवून ढिला करता आला पायजे म्हनून आमी ठेवतोच. आता गाडी कुठून जाडी होते? टप बसला तं ढगळा, जोरात चालवली का फडफड फडफड. परत उसवला, परत शिवला. दुसऱ्यानं असा बसला का पान्याचा एक थेंब आत नाई. बटनानं मात्र उघडत नाई, हातानं काढा लागते, हूक लावले मी, ब्लाउजसारखेच, पन मोठे.

टप झाला तं गिऱ्हाईक बी भेटलं. रायपूरचा, फोटो पाहूनच तयार. इतवारी येतो म्हने, पैसे घेऊन. मी गाळ्यावाल्याले निरोप देला.

शनिवारी सकाळी हे गाडी पुसून रायले, मी चहा घेऊन आली, तं मामाजी गाडीपाशी उभे. मी म्हनलं मामाजी, उद्या जाते गाडी, एकदा बसून घ्या. नाई म्हनतीन असंच वाटलं. ते म्हनले, वरात तं नाई ना? मी म्हनलं नाई, आपलीच, नागऱ्यापर्यंत जाऊन येऊ. टप काढला. सीटा दोनच, तं हे आनि मामाजी गाडीत, आनि मी मांगून शेजारच्या बाईच्या स्कूटीवर, दोन पाट्या पायाशी आडव्या. गतिरोधक आला का मी पुढं जाऊन पाट्या टाकाच्या, उचलाच्या, परत मांग याचं. मांगून मले मामाजीचं डोकं दिसे. आनि मी पायलं, घडीघडी त्यायचा हात वर जाये, डोक्याजवर जाये, काई धराले गेल्यासारखा, आनि काई नसे तं खाली ये. मले पयले वाटलं टोपी उडते म्हनून. टोपी तं नव्हतीच. मंग समजलं, आनि माझ्या डोऱ्यात पानी आलं, एक पाटी रस्त्यावरच रायली, परत आनाले गेली.

वापस आलो. नागऱ्याहून येतानी मिलपाशी राख पडली, मामाजी सारे कारे, भुवया कार्‍या. मी फडकं आनलं तं मले थांबवलं. डोक्यावर हात फिरवला, राख पायली, आनि हासले, ताई, तीस वर्सांत मी त्यायले असं हासतानी पायलं नाई. म्हनतात, सून, आज डोक्यावर काईच वजन नव्हतं ओ. मान इकडं बी वळवली, तिकडं बी वळवली, कोनी काई म्हनलं नाई.

इतवारी रायपूरवाला आला, नोटा मोजून हातात धरल्या. यायनं चाबी पुढं केली, खरंच केली, माझ्या गाळ्यासाठी. मीच मधी हात घातला. मी म्हनलं भैया, माफ करना, गाडी नहीं देनी. तो म्हने अरे भाभी, जबान हुई थी. मी म्हनलं, इनकी हुई थी, मेरी नहीं. चहा पाजून पाठवला.  दोन दिवसांनी यायनं गुपचूप माझ्या मशीनले तेल घालून ठेवलं.

गाळा नाईच झाला. आता दुसऱ्या कोनाचा झाला, मोबाईलचं दुकान हाय तिथं, तिकडून गेली का आजबी वाईट वाटते, खोटं कायले बोलू. वराती आमी घेत नाई. टप पाहून ई-रिक्षावाले येतात, हुड शिवून द्या म्हनतात, ते शिवते, त्यातून बॅटरीचं, इन्शुरन्सचं निघते कसंतरी. टायरचं यंदा पाहू. मामाजी रोज सकाळी गाडीत जाऊन बसतात, टप काढून, पेपर घेऊन. गाडी उभीच असते, जात नाई कुठी, बॅटरी मरू नये म्हनून हे जरा चालू करून बंद करतात तेवढंच. चहा पायजे असला का...

ऐकलं? हेच ते. मामाजी हॉर्न वाजवून रायले. घरातून हे ओरडतीन पाहा आता, बॅटरी उतरते, बॅटरी उतरते. तीस ब्लाउज हायेत ना तिच्यात, मलेच माहीत. पन वाजवू द्या. शिवीन मी आनखी तीस. आली ओ मामाजी, आली, चहा मांडला, तुमी वाजवत राहा.