पेजेला लसूण

— नाही हो मावशी, लोणच्याला नकोय. औषधाला... हो, औषधालाच म्हणा. गावठी लसूण द्या, बारीक पाकळीची. सोलायला वेळ लागतो, माहितेय, पण नाहीतरी झोप लागत नाहीये, निदान सोलत तरी बसेन. झोप कशानं उडाली? भातानं. हसा, हसा, माझा नवरा, अनिश, तोही हसला. वाचलं मी कुठंतरी, तांदळात आर्सेनिक असतं — सोमल म्हणतात ना, ते विष. अगदी थोडं, मातीतून-पाण्यातून येतं, सगळीकडच्या तांदळात सारखं नसतं, असंही पुढे लिहिलं होतं, पण पुढचं कोण वाचतंय? मी 'लहान मुलं' एवढंच वाचलं आणि ह्या माझ्या पोरीकडे बघत बसले. — आरू, पाकळ्या कुस्करू नकोस गं, मावशी ओरडतील.

तर ही पेजेवर वाढलेली. आमच्या सासूबाई मालवणकडच्या — सकाळी चुलीवर, म्हणजे गॅसवर हो, आधी पेज, मग देव. आणि त्या लेखात काय, तर भात भरपूर पाण्यात शिजवा नि पाणी ओतून टाका, विष कमी होतं. आता पेजेतलं पाणी ओतलं तर उरलं काय? मग मी आईंना म्हटलं — नीटच म्हटलं, मला तरी वाटतं नीट म्हटलं — की आई, उद्यापासून आरूला पेज नको, त्यात विष असतं. मुद्दा बरोबर होता, शब्द चुकला. जिनं पोरीला पहिला घास भरवला तिला मी... त्यांनी पातेलं घासून पालथं घातलं नि नायगावला माझ्या नणंदेकडे गेल्या. म्हणे अक्षदाचं बिऱ्हाड नव्या इमारतीत हलवायचंय, मदतीला जाते. बिऱ्हाड केव्हाच हलून झालं, मावशी. त्या तिथंच आहेत.

आणि ही? ओट्स दिले, तोंड फिरवलं. नाचणी दिली, तोंड फिरवलं. डबा गेला तसा परत. गालफडं बघा कशी दिसायला लागलीत — की मलाच दिसतात?

मग परवा ऑफिसात, लोअर परळला आहे मी, जेवता जेवता हे लसणीचं सापडलं. आर्सेनिकनं रक्तातल्या पेशींना इजा होते ना, तिथं लसणीतली द्रव्यं आड येतात — गंधकाची, ज्यांनी वास येतो तीच. पेशी थोड्या तग धरतात. प्रयोगशाळेत हं, काचेच्या बशीत, लसणीचा अर्क घालून. आरू काही बशीत राहत नाही, एवढं मला कळतं, बीएस्सी झालेय मी. पण मला तेवढं पुरे होतं. कारण 'आई, माझं चुकलं' म्हणायला जीभ वळत नाही हो माझी — 'आई, नवीन संशोधन आलंय, पेजेला लसूण घातली तर चालेल', हे मात्र वळतं. म्हणजे लसूण तशी हिच्यासाठी नाहीच... जाऊ दे. अर्धा किलो करा.

गंमत म्हणजे हिची लसूण मीच बंद केलेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, हिच्या तोंडाला फार वास येतो. आईंनी मात्र ते एका शब्दात ऐकलं, कुरकुर नाही, काही नाही. तेव्हापासून पोरीच्या तोंडाला कसा छान बडीशेपेचा वास यायचा. पचनाला बरी म्हणून देत असतील. तेवढ्या बाबतीत समजूतदार हो त्या.

चला, बांधा. आरू, घरी गेलो की आजीला फोन लावू. तिला सांगू, आजी, पेजेला लसूण घालून बघ. सांगशील ना तू?

"आजी रोजच द्यायची की. लसणीची चटणी, पेजेला लावून. मग बडीशेप चावायची, नि तू जवळ आलीस की तोंड मिटायचं."