छप्पन्नाव्या वर्षीचं बाळंतपण

झामिरा : बुरुल आपा, मी तिसऱ्यांदा विचारते. जिबेकला जन्म तुम्ही दिलात?

बुरुल आपा : दाखल्यावर काय लिहिलंय?

झामिरा : आई म्हणून तुमचं नाव लिहिलंय.

बुरुल आपा : मग झालं तर. सरकारी कागद खोटं बोलतो का? तू नोंदणी कचेरीत बसतेस, निदान तुला तरी असा संशय यायला नको.

झामिरा : त्याच कागदावर तुमचं जन्मसाल त्रेचाळीस आहे आणि मुलीचं नव्व्याण्णव. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी बाळंत झालात तुम्ही.

बुरुल आपा : तब्येत होती माझी तशी. त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर अकरा घोड्यांचं दूध काढत होते मी, एकटी.

रायखान : आपा, अहो...

बुरुल आपा : तू मध्ये बोलू नकोस सूनबाई. मोठी माणसं बोलतायत.

झामिरा : मोठी कसली? मी रायखानताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान आहे.

बुरुल आपा : तू सरकार आहेस. सरकारला वय नसतं.

झामिरा : बरं. मग सरकारला ते जर्मनीच्या विवाह कचेरीचं पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवा, रायखानताई. आपांच्या कानावर पडू दे.

रायखान : जिबेकनं तिकडून आपल्या भाषेत करून पाठवलंय. थांबा हं, चष्मा लावते. "वधूचा नव्यानं काढलेला जन्मदाखला, बिश्केकच्या शिक्क्यासह, मिळाला. वधू अविवाहित असल्याचा दाखला मिळाला. भाषांतरं मिळाली. मात्र वधूच्या जन्माच्या वेळी आईचं वय छप्पन्न दिसतं. खुलासा करावा. खुलासा या महिन्याच्या अखेरीपर्यंत न आल्यास लग्नाची ठरलेली तारीख रद्द धरली जाईल. पुढची मोकळी तारीख नोव्हेंबरात आहे."

बुरुल आपा : काय संशयी लोक! मी त्या नवऱ्यामुलाला, टिलला, एक तरी दाखला मागितला होता का?

रायखान : सात पिढ्या मागितल्या होत्या की.

बुरुल आपा : ती गोष्ट वेगळी. सात बापजाद्यांची नावं सांगता येत नाहीत त्याला मुलगी कशी द्यायची? उद्या आपल्याच भावकीतला निघाला म्हणजे?

झामिरा : जर्मन मुलगा? तुमच्या भावकीतला?

बुरुल आपा : कुणी सांगावं बाई! आपले पूर्वज घोड्यावर बसले की कुठं उतरायचे हे त्यांना तरी कुठं ठाऊक असायचं? पण पोरगं गुणाचं हो. सात मागितली, त्यानं अकरा पाठवली. चर्चच्या वहीतून शोधून काढली. सातवा गवंडी होता. आमच्या मुलाला, कुबातला विचार, चौथ्यालाच घाम फुटतो.

झामिरा : आपा, त्याच्या वहीचं राहू द्या, माझ्या वहीकडे या. ही बघा प्रसूतिगृहाची जुनी नोंद, मी काल मुद्दाम मागवून घेतली. त्या दिवशी मुलगी झाली ती रायखानला. वय वर्षं वीस, पहिलटकरीण. तुमचं नाव कुठंच नाही.

बुरुल आपा : मी बाहेर बाकावर बसले होते.

झामिरा : आलं का बाहेर!

बुरुल आपा : बाहेर काय आलं? सगळ्या गावाला माहीत आहे. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. त्यात लपवायचं काय? आमच्या यांनी त्या वेळच्या कारकुनाला जेवायला बोलावलं, मानाचं म्हणून मेंढीचं डोकं त्याच्या ताटात वाढलं आणि म्हणाले, ही आमची धाकटी. त्यानं तोंड पुसलं आणि वही उघडली.

झामिरा : आणि दत्तकाचा कागद?

बुरुल आपा : घरातल्या घरात कसलं दत्तक? पाळणा या खोलीतून त्या खोलीत नेला. त्याला शिक्का लागतो का?

झामिरा : लागतो. बाजूच्या खोलीत नेला तरी लागतो. आता कागदावर काय झालंय बघा. रायखानताईंचा नवरा जिबेकचा भाऊ झालाय. म्हणजे ताई, तुम्ही तुमच्याच मुलीच्या वहिनी.

रायखान : कागदावरच कशाला, हाकही तीच मारते. वहिनी म्हणूनच.

झामिरा : तसं आमच्याही घरी आहे. मीसुद्धा वडिलांना दहावीपर्यंत थोरला भाऊ म्हणून दादाच म्हणत होते. पण मी लग्न इथल्या इथे केलं, म्हणून कुणी खुलासा मागितला नाही.

रायखान : मग सरळ खरं लिहून टाकू. आई रायखान, बाप कुबात. तो जुना कागद फाडून टाका.

झामिरा : फाडते. मग जिबेकच्या नावामागे आजोबांचं नाव जाऊन वडिलांचं येईल. पारपत्र बदलेल. पदवीचा कागद बदलेल. तिकडे राहायचा परवाना तर जुन्याच नावावर. मग ते दुसरं पत्र पाठवतील की आमच्या गावात जी राहते ती मुलगी कोण. आणि त्या मुलीचं लग्न नोव्हेंबरात नाही, पुढल्या नोव्हेंबरातही नाही.

बुरुल आपा : तरी मी सांगत होते, अकरा घोड्यांचं लिहा म्हणून.

झामिरा : घोड्यांना डॉक्टरचा दाखला लागेल. ऐका, एकच वाट आहे. जन्मदाखला आहे तसाच राहू द्यायचा, आणि पहिल्यापासून दत्तक होतं असं कोर्टाकडून लेखी घ्यायचं. जर्मनांना दत्तक समजतं. आई छप्पन्न वर्षांची कशी, तर दत्तक घेतलं म्हणून. प्रश्न मिटला. न्यायाधीश गुरुवारी येतात, मी बोलून ठेवलंय. मला फक्त दोघींचे जबाब हवेत.

बुरुल आपा : मग हे आधीच नाही का सांगायचं? अर्धा दिवस घालवलास.

झामिरा : अर्धा दिवस घोड्या चरवण्यात गेला आपा. चला, आधी जन्मदात्री आईचा जबाब. रायखानताई, मूल कोणाला दिलंत? नाव मोठ्यानं सांगा.

रायखान : यांनाच.

झामिरा : यांना म्हणजे कोणाला? नाव.

रायखान : सासूचं नाव कसं घेऊ हो? मोठ्या घरातल्या, असं लिहा.

झामिरा : तालुक्यात निदान चारशे मोठ्या घरातल्या असतील.

रायखान : सव्वीस वर्षांत नाही घेतलं. हे माझ्या तोंडून निघणार नाही.

बुरुल आपा : घे गं बाई, घे. पोरीचं लग्न अडलंय. मी कान झाकते.

(आपा डोक्याच्या रुमालावरून दोन्ही कानांवर हात ठेवते.)

रायखान : बु... बुरुल.

बुरुल आपा : जरा मोठ्यानं म्हण. माझं नाव आहे, चोरीचा माल नाही.

रायखान : ऐकू येतंय तुम्हाला?

बुरुल आपा : मुळीच नाही.

झामिरा : लिहिलं. आता शेवटचा प्रश्न, मग सही करा आणि मी जेवायला जाते. मूल तुम्ही स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय दिलंत का? हो म्हणा.

रायखान : नाही.

झामिरा : काय?

रायखान : नाही म्हणाले मी.

झामिरा : ताई, तिथे हो म्हणायचं असतं. सगळे हो म्हणतात.

रायखान : मला कुणी विचारलंच नव्हतं. मग हो कसं म्हणू? खोटंच लिहायचं तर ते छप्पन्नाव्या वर्षीचं काय वाईट होतं?

बुरुल आपा : अगं, जिबेकचं लग्न मोडायचंय का तुला?

रायखान : मोडू नये म्हणून तर घोटाभर बर्फातून तुम्हाला हाताला धरून आणलं. कुठे दाखवाल तिथे सही करते. फक्त हो म्हणणार नाही.

झामिरा : नाहीवर सही चालत नाही हो! नाही लिहिलं तर ते दत्तक नव्हे, पळवून नेणं झालं.

बुरुल आपा : पळवून? मी? या वयात?

झामिरा : छप्पन्नाव्या वर्षी. तब्येत होती ना तुमची.

बुरुल आपा : तू हसू नकोस गं सरकार. सूनबाई, इतकी वर्षं पोटात ठेवलंस हे? आणि काढलंस कुठं, तर कचेरीत, परक्या बाईसमोर?

रायखान : घरात कुणी विचारलं नाही, आपा. इथे विचारलं. बाळाला चाळीस दिवस झाले त्या सकाळी तुम्ही पाळणा उचललात. मी दारात उभी होते, हातात पिठाचं भांडं होतं. म्हणालात, दूध पाजायला येत जा. मी यायचे, पाजायचे आणि परत पीठ मळायला जायचे. ती पहिला शब्द बोलली तो तुम्हाला आई म्हणून. मग माझ्याकडे बोट करून वहिनी म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. मला फार वाईट वाटलं होतं हो त्या दिवशी.

बुरुल आपा : मग बोलली का नाहीस?

रायखान : सून होते. तुम्ही बोलला होतात तुमच्या सासूला?

बुरुल आपा : ...नाही.

झामिरा : म्हणजे तुमचाही?

बुरुल आपा : थोरला. मुरात. माझ्या सासूनं नेला. मी एकोणीसची होते. त्या हिवाळ्यात मी एक नमदा, लोकरीची जाड बैठक, करायला घेतला. लोकर लाटायची, शिवायची, उसवायची, परत शिवायची. माणसं म्हणायची, काय कामसू सून आहे. मी रडत होते गं, आणि नमद्याला लोकर ओली लागतेच, म्हणून कुणाला कळलं नाही. मुरात आज बासष्टचा आहे. टक्कल पडलंय, चार नातवंडं आहेत. अजून दारातून हाक मारतो, वहिनी, चहा आहे का?

रायखान : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

बुरुल आपा : काय सांगू? माझा गेला, मग तुझी आली, तेव्हा वाटलं, फिटलं. माझ्या वाट्याचं मला मिळालं. ते तुझ्या ताटातलं होतं हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण इतकी मऊ होती गं ती, हातातून खाली ठेववेना.

झामिरा : मी... मी जरा खिडकी लावून घेते. वारं येतंय.

बुरुल आपा : खिडकी लावलेलीच आहे. बस खाली. पेन ठेव. हे लिहून घेऊ नकोस.

झामिरा : नाही लिहीत.

बुरुल आपा : रायखान.

रायखान : काय म्हणालात?

बुरुल आपा : नाव घेतलं तुझं. तू माझं घेतलंस, मी तुझं. रायखान, तुझी मुलगी मला देशील का?

रायखान : आता? सव्वीसची घोडी झाली ती, आपा. चार आठवड्यांत त्या टिलच्या घरी जाईल.

बुरुल आपा : तेच तर. माझी असेल तर मी तिला देणार ना? दुसऱ्याच्या मुलीला मी कशी सासरी पाठवू?

रायखान : आणि मी नाही म्हणाले तर?

बुरुल आपा : तर नाही. घरी जाऊ, चहा पिऊ, पोरीला फोन करून सांगू की लग्न नोव्हेंबरात. ती रडेल, मी ऐकून घेईन. तुझ्यावर बोल येऊ देणार नाही. मीच आडमुठेपणा केला असं सांगीन, तिला लगेच पटेल.

रायखान : ते मात्र पटेल.

बुरुल आपा : आणि टिलची आई विचारत होती ना, मुलीला पाजलेल्या दुधाचा मान म्हणून आईला काय आणू? मी कोट सांगितलाय. लोकरीचा, हिरवा. तो तू घे. दूध तुझं होतं.

रायखान : हिरवा रंग मला शोभत नाही. कोट तुम्हीच घाला. पण मान माझ्या हातात देऊ दे, सगळ्यांसमोर. मग मी तुम्हाला देईन.

बुरुल आपा : मंजूर.

रायखान : झामिरा, या कागदावर माझं नाव कुठं येतं?

झामिरा : हे बघा, इथं. जन्मदात्री आई. सगळ्यात वरचा रकाना. ही एक प्रत जर्मनीला जाईल, एक कोर्टात राहील, एक तुमच्याकडे.

रायखान : जिबेक वाचेल?

झामिरा : तिला सही करून पोच द्यावीच लागेल. वाचल्याशिवाय कशी करेल?

रायखान : लिहा मग. हो.

झामिरा : स्वखुशीनं? कोणाच्याही दबावाशिवाय?

रायखान : दोन्ही लिहा.

बुरुल आपा : सावकाश लिही गं पोरी. अक्षर चांगलं काढ.

झामिरा : काढते. राहिलं काय... संमतीची तारीख. नव्व्याण्णव सालची घालते, म्हणजे दाखल्याशी जुळेल.

रायखान : नको. आजची घाला. विचारलं आज.